आभाळातून पडलेला दगड



उन्हाळ्यात रात्री अंगणात बाज टाकून पडले, की कधी कधी एखादा तारा सुर्रकन निखळताना दिसतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो विझतो. म्हातारी माणसे म्हणतात, "तारा तुटला."

खरे म्हणजे तारा तुटत नाही. तारे आपल्या सूर्यासारखे प्रचंड आहेत, आणि ते फार फार लांब आहेत. आपल्याला पळताना दिसतो तो असतो एक बारीकसा खडा. बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा, फार तर हरभऱ्याएवढा. असे असंख्य लहानमोठे खडे आणि दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला एखादा पृथ्वीच्या वाटेत येतो आणि आपल्या हवेत घुसतो.

त्याचा वेग किती असेल? सेकंदाला ११ किलोमीटरांपेक्षाही जास्त! नागपूरहून काटोल साठेक किलोमीटर आहे. तेवढी वाट हा खडा पाच-सहा सेकंदांत तोडील. एवढ्या वेगाने तो घुसला, की पुढची हवा दाबली जाते आणि भयंकर तापते. सायकलीत हवा भरताना पंप खालून गरम लागतो ना? तसेच हे. फक्त इथे ताप इतका, की दगडसुद्धा वितळतो, जळतो, उजेड पडतो. आभाळात जळताना दिसते तिला म्हणायचे उल्का.

लहान खडा वरच्या वर जळून जातो. पण दगड मोठा असला, तर तो सगळा जळत नाही. उरलेला भाग जमिनीवर येऊन पडतो. त्या दगडाला म्हणतात उल्कापाषाण. आज आपण बोलणार आहोत ते या उल्कापाषाणाविषयी. तो आपल्या विदर्भात कुठे पडला, तो शोधतात कसा, आणि मुख्य म्हणजे, तो आपल्या वावरात पडला तर आपण काय करायचे.

खेड्यातल्या माणसाचे खरे ठरले

आभाळातून दगड पडतात, हे खेड्यातली माणसे फार पूर्वीपासून सांगत आली. पण शहरातले मोठमोठे विद्वान ते मानत नसत. ते म्हणत, "आभाळात दगड आहेतच कुठे? मग पडतील कसे? हे अडाणी लोकांचे बोलणे!" सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या पुष्कळ पंडितांचे मत असेच होते.

ते मत फिरवायला आपल्या देशातले एक खेडे कारण झाले, बरं का. त्याचे असे झाले. १९ डिसेंबर १७९८ चा दिवस. काशीजवळ क्राखुत नावाचे गाव. रात्री आठच्या सुमारास आभाळात मोठा उजेड झाला. मेघ गडगडावा तसा आवाज झाला. पाठोपाठ गावाच्या आसपास दगड पडले. एक दगड तर राखणदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आत आला आणि जमिनीत रुतला.

काशीच्या साहेबांनी चौकशीला माणूस पाठवला. गावकऱ्यांनी त्याला सरळ सांगितले, "आम्हाला मिळाले ते आम्ही काही फोडले, काही तहसीलदाराला आणि दुसऱ्यांना दिले. पण शेतात जा, अजून सापडतील. पीक दोन-तीन इंचच वर आले आहे. जिथे माती नुकतीच उकरल्यासारखी दिसेल, तिथे पाहा." तसे पाहिले, आणि दगड सापडले!

पाहा, विद्वानांना जे ठाऊक नव्हते ते या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एवढेच नव्हे, तर दगड शोधावा कसा हेही त्यांनीच शिकवले. आजही शोधणारे तेच करतात. ताजी उकरलेली माती पाहतात.

ते दगड पुढे लंडनला गेले. हॉवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यांची तपासणी केली. इंग्लंडमध्ये, इटलीत आणि बोहेमियात पडलेले म्हणून सांगितलेले दगडही त्याने घेतले. गावे एकमेकांपासून हजारो मैल दूर. पण दगडांची जात एकच निघाली! सगळ्यांत लोखंडाचे कण होते आणि त्या लोखंडात निकेल नावाची धातू मिसळलेली होती. भोवतालच्या जमिनीतल्या साध्या दगडांत असे काही नव्हते. हॉवर्डने ही गोष्ट १८०२ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८०३ मध्ये, फ्रान्समध्ये लेग्ल नावाच्या गावाच्या परिसरात दगडांचा पाऊस पडला. सुमारे ३००० दगड! बियो नावाचा शास्त्रज्ञ तिथे गेला. गावोगाव फिरला, लोकांना विचारले, दगड पाहिले. मग विद्वानांनी मान्य केले, की होय, आभाळातून दगड पडतात.

लोणारचा खड्डा

आता आपल्या विदर्भाकडे वळू या. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गोल खोलगट दरी, खाली खारे पाणी, काठावर जुनी देवळे. दरी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आहे. लोक सांगतात, इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले. गावात दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ आहे.

आपला भाग ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा. म्हणून पुष्कळ काळ अभ्यासकांना वाटे, हे ज्वालामुखीचेच तोंड असावे. मग तळाशी भोके पाडून आतला दगड काढला, तो तपासला. ज्वालामुखीत होत नाही असा एक बदल त्यात दिसला. फार जबर आघात झाला तरच दगडातल्या काही खनिजांची काच होते. तशी काच तिथे मिळाली. १९७३ साली शास्त्रज्ञांनी हा पुरावा जगापुढे मांडला. लोणारचा खड्डा उल्कापाषाणाच्या आघाताने झाला हे पक्के झाले.

मग तो दगड कुठे आहे? तो असा शोधून मिळणार नाही. एवढा मोठा दगड आदळला, की आघाताच्या उष्णतेने तो स्वतःच वितळून जातो, त्याची वाफ होते. मागे राहतो तो खड्डा.

पण घाबरू नका. एवढा मोठा आघात हजारो वर्षांत कधी तरी होतो. एरवी पडतात ते लहान दगड. ते वरून जळत येतात खरे, पण हवेने त्यांचा वेग मोडतो. शेवटचे काही किलोमीटर ते विझलेले असतात. कौलावर फेकलेल्या धोंड्यासारखे नुसते खाली पडतात. गंजीला आग लावतील इतके ते तापलेले नसतात.

काटोलची दुपार

२२ मे २०१२. नागपूर जिल्ह्यातले काटोल, संत्र्यांच्या बागांचे गाव. दुपारचे दोन वाजून गेले होते. ऊन मी म्हणत होते. एवढ्यात आभाळात मोठा आवाज झाला आणि काटोलात व आसपास दगड पडले.

आपल्या देशात पडलेल्या उल्कापाषाणांची नोंद आणि जतन करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याकडे आहे. त्याचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे. खात्याने काटोलचे दगड गोळा केले. तीसेक तुकडे मिळाले. सगळ्यांचे वजन तेरा किलोच्या आसपास भरले.

तेरा किलो दगड! आपल्या बांधावर याहून मोठे धोंडे पडलेले असतात. मग यात विशेष ते काय? ऐका.

असले दगड आपल्या सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचे असतात. वय सुमारे ४५६ कोटी वर्षे. पृथ्वीवरचे तेवढे जुने दगड उरलेले नाहीत. ते वितळले, झिजले, त्यांची माती झाली. म्हणून पृथ्वी कशापासून झाली हे समजायचे, तर असा दगड तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट तर फारच नवलाची. माणसाने जमिनीत पाडलेले सर्वात खोल भोक १२ किलोमीटरांच्या थोडे वर आहे. पण पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरांच्या खाली एक खनिज आहे. त्याचे नाव ब्रिजमनाइट. पृथ्वीत सर्वात जास्त असलेले खनिज तेच. पण तिथवर कोण जाणार? आणि वर आणावे तरी कसे? खालचा दाब सुटला, की ते टिकत नाही. आता हा काटोलचा दगड पाहा. आभाळात असताना कधी तरी त्याची दुसऱ्या दगडाशी टक्कर झाली होती. त्या टकरीत क्षणभर तसाच प्रचंड दाब पडला, आणि त्यात तेच खनिज तयार झाले. खरगपूरच्या आय.आय.टी.तल्या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर काटोलच्या दगडात ते शोधून काढले आणि २०२१ साली जगाला सांगितले. पृथ्वीच्या पोटातली गोष्ट समजायला काटोलात पडलेला दगड असा उपयोगी पडला!

हे दगड कुणी चुलीला लावले असते, नाही तर नाल्यात टाकले असते, तर ही गोष्ट आपल्याला कळली नसती.

शोधायचे कसे?

दक्षिण ध्रुवाकडे सगळीकडे बर्फ आहे. पांढऱ्या बर्फावर काळा दगड लांबूनही दिसतो. आफ्रिकेच्या वाळवंटातही तसेच. तिथे शोधणारे नुसते चालत जातात आणि वर्षानुवर्षे पडून असलेले दगड उचलतात. आपल्याकडे काय आहे? काळी माती, काळा दगड. वर पाऊस, नांगर, वखर. पडलेला दगड दोन पावसाळ्यांत मातीत मिसळून जातो, गंजतो. म्हणून आपल्या देशात मिळालेले बहुतेक उल्कापाषाण कुणी तरी पडताना पाहिले म्हणूनच मिळाले. ते पाहणारे कोण? शेतकरी, गुराखी, बाया, पोरे.

शोधणारे गावात आले, की आधी दगड शोधत नाहीत. आधी माणसांना विचारतात. उजेड कुठून कुठे गेला? आवाज किती वेळाने आला? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो. तसेच इथे होते. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. उजेडानंतर दीड मिनिटाने आवाज आला, तर दगड सुमारे तीस किलोमीटर दूर फुटला. चार गावच्या चार माणसांनी चार दिशा सांगितल्या, की नकाशावर रेषा ओढतात. रेषा जिथे मिळतात, तिथे शोध घ्यायचा.

दगड आभाळात फुटला, तर तुकडे लांबट पट्ट्यात पडतात. तुम्ही मूठभर माती भिरकावून पाहा. भुगा जवळच पडतो, ढेकूळ लांब जाते. इथेही जड तुकडे पुढे जातात, हलके मागे राहतात. गुजरातेत धजाळा गावाजवळ २८ जानेवारी १९७६ च्या रात्री असाच दगडांचा पाऊस पडला. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून सुमारे ४५ किलो दगड मिळवले. लोकांनी हातभार लावला म्हणूनच ते मिळाले.

ओळखायचे कसे?

ताज्या उल्कापाषाणावर काळी पातळ साल असते. जळाल्यासारखी. नखाएवढीसुद्धा जाड नाही. तुटलेल्या जागी आत रंग फिका, राखाडी दिसतो. कधी कणकेत अंगठा दाबावा तसे वर खळगे असतात. त्याच मापाच्या साध्या दगडाहून तो हातात जड लागतो. आत बारीक चमकणारे धातूचे कण दिसतात.

आणि काय नसते? भोके नसतात. आपल्या काळ्या पाषाणात बुडबुड्यांची भोके असतात, त्यांत पांढरे स्फटिक बसलेले असतात. तो आपल्या जमिनीचाच दगड. भट्टीतल्या मळीलाही भोके असतात.

लोहचुंबक लावून पाहू का, असे कुणी विचारील. लावू नका. एक तर आपला काळा पाषाणही चुंबकाला थोडा ओढला जातो, त्यामुळे फसगत होते. दुसरे म्हणजे, आभाळातल्या दगडात फार जुनी चुंबकी खूण राहिलेली असू शकते. आपला चुंबक लागला, की ती पुसली जाते.

सगळे पडते ते दगड नव्हे

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आणि इतरत्रही लोकांनी आभाळात जळत्या तुकड्यांची रांग जाताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ धातूचे मोठे कडे पडले. सुमारे तीन मीटर रुंद! जवळच्या पवनपार गावाकडे धातूचा गोळा मिळाला. हे उल्कापाषाण नव्हते. चीनने सोडलेल्या अग्निबाणाचे हे भाग असावेत, असे जाणकारांनी सांगितले.

फरक ध्यानात ठेवा. उल्का काही सेकंदांत विझते. माणसाने सोडलेली वस्तू हळू जाते, तिचे पुष्कळ तुकडे रांगेने जळत जातात. अशी धातूची वस्तू पडली, तर तिला हात लावू नका. तिच्यात विषारी इंधन उरलेले असू शकते. पोरांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.

आपण काय करायचे?

समजा, उद्या तुमच्या वावरात दगड पडला. तर पुढच्या गोष्टी करा.

पहिली गोष्ट. तो फोडू नका. वाटून घेऊ नका. एका दगडाचे दहा तुकडे दहा घरी गेले, की गोष्ट संपली.

दुसरी गोष्ट. उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल. खड्डा पडला असेल तर त्याचाही फोटो घ्या.

तिसरी गोष्ट. तो धुऊ नका. तेल, शेंदूर, हळदकुंकू लावू नका. आभाळातून आले म्हणून हात जोडावेसे वाटले, तर लांबून जोडा. त्याला काही ना नाही. पण पाणी लागले की आतले लोखंड गंजते. स्वच्छ कोरड्या कापडाने उचला आणि स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

चौथी गोष्ट. उशीर करू नका. या दगडात काही अंश असे असतात की ते थोड्या दिवसांत आपोआप विरून जातात. ते असेपर्यंत दगड प्रयोगशाळेत पोचला, तर तो आभाळात किती वर्षे फिरत होता याचा पत्ता लागायला मदत होते. तलाठी, सरपंच, पोलीस पाटील, तहसीलदार, शाळेचे गुरुजी, जे जवळ असतील त्यांना लगेच सांगा. नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा असे त्यांना म्हणा. दगड दिला, की पोच मागून घ्या.

पाचवी गोष्ट. ठगांपासून सावध राहा. आभाळातल्या दगडाचे, वीज पडलेल्या भांड्याचे, तांदूळ ओढणाऱ्या धातूचे कोट्यवधी रुपये मिळतात असे सांगत काही लोक गावोगाव फिरतात. आधी तपासणीचे म्हणून पैसे मागतात, मग पसार होतात. त्यात माणसांची शेती गेली आहे. दगडाच्या नावाने कुणी आगाऊ पैसे मागितले, की समजा हा ठग.

आणि शेवटची गोष्ट, सर्वात मोठी. लिहून ठेवा.

क्राखुतच्या लोकांनी उजेड पाहिला, आवाज ऐकला, दगड उचलले, ते कुठे मिळतील तेही सांगितले. पण हकीकत लिहिली ती साहेबाने. लोकांना जे ठाऊक होते, त्यातले साहेबाने जेवढे विचारले तेवढेच कागदावर आले. बाकीचे त्यांच्याबरोबर गेले.

आता तसे होण्याचे कारण नाही. तुम्ही लिहायला शिकला आहात. घरातली वही घ्या. तारीख घाला. किती वाजले होते ते लिहा. तुम्ही कुठे उभे होता, उजेड कोणत्या झाडाकडून कोणत्या टेकडीकडे गेला, आवाज किती वेळाने आला, दगड कोणत्या शेतात पडला, हे लिहा. ऐकीव गोष्ट लिहू नका. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. खाली सही करा. शेजारणीने पाहिले असेल, तर तिलाही वेगळे लिहू द्या. दोघींचे जुळते का ते शोधणारे पाहतील.

शुद्धलेखन चुकले तरी चालेल. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. वेळ आणि दिशा बरोबर असली पाहिजे. तेवढ्या चार ओळी दगडाबरोबर गेल्या, तर त्या दगडाची किंमत शतपट वाढते.